ठळक, अरुंद आणि तिरकं: देवनागरीत हे वळण जमतं का?

धावरेघ

नमस्कार मंडळी,

गावच्या कबड्डी संघाची नवी जर्सी होते आहे आणि छातीवरच्या नावाचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या वर्षी नाव इंग्रजीत होतं, ते मी युनिव्हर्स ६८ मध्ये लावलं होतं. युनिव्हर्स म्हणजे आद्रियान फ्रुटिगर यांचा टंक, म्हणजे फॉन्ट. पॅरिसच्या देबर्नी ए पेन्यो या टाइप फाउंड्रीने (छपाईची अक्षरं घडवणाऱ्या कंपनीने) तो १९५७ साली आणला, तोही एकदम २१ वळणांत. प्रत्येक वळणाला दोन आकडी क्रमांक. पहिला आकडा जाडी सांगतो, दुसरा रुंदी आणि कल. ५५ म्हणजे साधा, सरळ. ६५ म्हणजे तोच ठळक. ६७ ठळक आणि अरुंद. ६८ म्हणजे ठळक, अरुंद आणि तिरका.

या ६८ वर माझा फार जीव आहे. लांबलचक नाव छातीच्या रुंदीत बसतं, प्रेक्षकांतून वाचता येतं, आणि खेळाडू उभा असला तरी अक्षरं निघाल्यासारखी दिसतात.

यंदा मंडळाने ठरवलं, नाव मराठीतच. मला मनापासून आवडलं. पण हातात काही चांगलं येईना. एक ठळक देवनागरी फॉन्ट घेतला, कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रुंदी ७० टक्क्यांवर आणली आणि १२ अंश तिरका केला. काने काटकुळे झाले, शिरोरेषा तुळईसारखी जाड राहिली. नावात 'झुं' आहे आणि 'ळ' आहे. 'झुं'चा गोळा झालाय आणि 'ळ'ची दोन्ही पोटं बुजली आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. असं वळण देवनागरीत नीट होऊ शकतं का? आणि होत असेल तर मी चुकतोय कुठे?

सांजवात

नाव सरळ लिहा. देवनागरी सरळच शोभते. तिरकं झालं की पाटी भिंतीवरून सुटल्यासारखी वाटते.

पायका१२

धावरेघ, चूक पहिल्याच पायरीवर आहे. रुंदी ७० टक्के केली की उभ्या रेघांची जाडीही ७० टक्के होते, आडव्या रेघा मात्र तेवढ्याच राहतात. इंग्रजीत 'एच'ला आडवी रेघ एकच, तीही छोटी, त्यामुळे थोडं दाबलेलं खपून जातं. आपल्याकडे शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ आहे. ती जाड राहिली आणि काने बारीक झाले, की घराचं छप्पर दगडी आणि खांब बांबूचे.

अरुंद वळण दाबून होत नाही, नव्याने काढावं लागतं. उभा दंड जवळपास मूळ जाडीचा ठेवायचा आणि आतली मोकळी जागा कमी करायची. ६५ आणि ६७ एकमेकांवर ठेवून बघा. ६७ ही ६५ची दाबलेली प्रत नाही. गोलाईच्या बाजू चपट्या होऊन उभ्या झाल्या आहेत आणि वळण फक्त वर आणि खाली उरलंय.

आणि शिरोरेषा कान्यापेक्षा बारीक करा. ठळक देवनागरीत हे करावंच लागतं, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालची पोटं दोन्ही गुदमरतात.

जुळारी

माझे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, जुळवायचे, शाळेत असताना मीही सुट्टीत हात मारलाय. आमच्याकडे केसेस, म्हणजे खिळ्यांची खोकी, दोन तऱ्हेच्या: पांढरा म्हणजे साधा आणि काळा म्हणजे ठळक. पायका, ग्रेट ही अक्षरांची मापं. पायका पांढरा, पायका काळा, ग्रेट काळा. मजकुरात एखादा शब्द उठून दिसायला हवा असेल तर लेखक खाली रेघ मारून द्यायचा, आम्ही तो काळ्यात लावायचो किंवा अवतरणात घालायचो. इंग्रजीची इटालिकची केस होती. देवनागरीची तिरकी केस मी त्या छापखान्यात पाहिली नाही आणि कुणी मागितलेलीही आठवत नाही.

म्हणून सांजवात म्हणतात त्यात मला तथ्य वाटतं. डोळ्याला सवय नाही. पण जर्सी म्हणजे पुस्तकाचं पान नव्हे. तिथे पाच अक्षरं लांबून दिसायची आहेत.

कानामात्रा

सवयीच्या पलीकडेही कारण आहे असं मला वाटतं. रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात. त्यांना उजवीकडे कललं की पाय जागेवर राहतात आणि डोकं पुढे जातं. धावणारा माणूस असाच दिसतो. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली. ती कलली की डोकं जागेवर राहतं आणि पाय मागे जातात. दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने उडावेत तसं. पुढे झेप घेतल्याचा भास होतच नाही.

रानवारा

कानामात्रा, उपमा झकास. पण वाऱ्याने कपडे उडतात तेव्हा वेग दिसतोच की! तुम्ही रेडरला चढाई करताना बघितलंय ना? छाती पुढे, एक पाय मागे ताणलेला. तुमच्या वर्णनातलं अक्षर अगदी तसंच आहे. डोकं जागेवर, पाय मागे. कबड्डीच्या जर्सीला याहून चांगलं काय मिळणार?

कानामात्रा

रानवारा, हे मला सुचलं नव्हतं. मान्य. मग शिरोरेषेची दोन्ही टोकंही त्याच कलात कापा. टोकं सरळ कापलेली असली की शब्द चौकटीत अडकतो.

पेंटरचा पोरगा

वडील साताऱ्याकडे पाट्या आणि ट्रकची मागची फळकुटं रंगवायचे. तालीम, मंडळं, दूध डेऱ्या, सगळं. तिरकी अक्षरं त्यांच्याकडे रोज असायची, त्यामुळे 'देवनागरी तिरकी होत नाही' हे वाक्य मला पटत नाही. मी ती होताना पाहिली आहे.

सुतळीला निळीचा हात देऊन ताणायची आणि फळीवर टिचकी मारायची, की शिरोरेषेची खूण उमटली. तशीच एक खाली, पायासाठी. मग पुठ्ठ्याची एक तिरकी पट्टी कापलेली असायची. ती सरकवत सरकवत खडूने तिरक्या खुणा. सगळे काने त्या खुणांवर यायचे. पोटं मात्र पट्टीने नाही, हाताने. ते म्हणायचे, "काना पट्टीचा, पोट डोळ्याचं."

आणखी तीन गोष्टी ते करायचे. वेलांटीचा कल कान्यापेक्षा थोडा कमी ठेवायचे, कारण वेलांटी पूर्ण कलली की पुढच्या अक्षरावर पडते. नाव लांब असेल तर शिरोरेषा अक्षराअक्षराला बारीकशी तोडायचे. त्या फटीतून हवा येते आणि दाटी कमी भासते. आणि उकार अक्षराच्या पायाला चिकटवायचे नाहीत, जागा नसेल तर उकार आडवा पसरवायचे, पण फट राखायचे.

पट्टी किती अंशांची असेल हे मी मुद्दाम मोजलं. घरी एक अजून आहे. ९ अंश भरली.

बोरू

पेंटरचा पोरगा यांच्या वडिलांना जे हाताने कळलं होतं त्यामागचं कारण मांडून बघतो. मी सुलेखन शिकवतो.

रोमन लिहिणारा रुंद टोकाची लेखणी अशी धरतो की वरून उजवीकडे उतरणारी रेघ जाड येते आणि खालून उजवीकडे चढणारी बारीक. देवनागरीचा बोरू उलट्या बाजूने कापलेला असतो. म्हणून आपल्याकडे चढती रेघ जाड आणि उतरती बारीक. जुन्या पोथ्यांतला 'र' किंवा 'व' बघा.

आता एक प्रयोग करा. संगणकावर सगळीकडे सारख्या जाडीचं एक शून्य काढा आणि ते उजवीकडे कलवा. वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा फुगेल. उरलेले दोन कोपरे बारीक होतील. म्हणजे उतरत्या रेघा जाडावल्या, चढत्या रोडावल्या. रोमन अक्षराला हे त्याच्या लेखणीच्या सवयीशी जुळतं, म्हणून डोळा फारसा तक्रार करत नाही. देवनागरीच्या हाताच्या मात्र ते बरोबर उलट जातं. यंत्राने कललेला 'ळ' किंवा 'व' परका वाटतो तो म्हणून.

चांगल्या तिरक्या टंकात कलवल्यावर प्रत्येक गोलाई पुन्हा दुरुस्त केलेली असते. रोमनला ही दुरुस्ती लागते, देवनागरीला दुप्पट लागते. धावरेघ, कल दिल्यावर प्रत्येक पोटाचा वरचा उजवा आणि खालचा डावा भाग खरवडा आणि समोरच्या दोन कोपऱ्यांना भर द्या. एका 'ळ'वर करून बघा, फरक लगेच कळेल.

सांजवात

बोरू, हे वाचून वहीत शून्य काढून बघितलं. खरंच आहे. माझा सरळपणाचा आग्रह कायम आहे, पण तो कशामुळे आहे हे आज कळलं.

मॅकवाली

अवांतर: युनिव्हर्स अरुंद तिरका म्हटलं की मला कीबोर्ड आठवतो. मी १९९०च्या दशकात पुण्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम, करायचे. ॲपलच्या त्या वेळच्या कीबोर्डवरची अक्षरं युनिव्हर्सच्याच अरुंद तिरक्या वळणात होती. ठळक नव्हती, साधी. पुढे ॲपलने ते बदलून गोल टोकांचा व्हॅग राउंडेड घेतला. त्या राखाडी कळांवर तिरकी अक्षरं इतकी शांत दिसायची! वेगाशी काही संबंध नाही. म्हणजे तिरकेपणाला वेग चिकटतो तो जाडीमुळे आणि दाटीमुळे, असं म्हणावं का?

पायका१२

मॅकवाली, म्हणावं. कलाला बळ मिळतं ते उंच, दाट, जाड उभ्या रेघांमुळे. एकामागून एक तिरके दंड आले की ठेका तयार होतो. रुंद अक्षरात दंड लांब लांब असतात, ठेका बसत नाही. म्हणून मोटारी, बूट, खेळाचे स्कोअरबोर्ड यांच्याकडे तुम्हाला हेच तीन गुण एकत्र दिसतात.

युनिव्हर्सचं नाव खेळाशी तसंही जोडलेलं आहे. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी डिझायनर ओटल आयशर यांनी तोच वापरला.

अक्षरवेडी

आणि फ्रुटिगर यांचं देवनागरीशीही नातं आहे! १९६०च्या दशकात अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेच्या निमंत्रणावरून त्यांनी देवनागरीवर काम केलं होतं. एनआयडीत पुढे अनेक पिढ्यांना अक्षररचना शिकवणारे महेंद्र पटेल त्यांच्या पॅरिसच्या स्टुडिओत काम करून आले होते. ज्याने ६८ घडवला त्याने आपली शिरोरेषाही न्याहाळली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

मोडीप्रेमी

उशिरा येतोय, पण एक मुद्दा कुणी काढला नाही. इटालिक हे मुळात सरळ अक्षर कलवून झालेलं नाही. ते वेगळं हस्ताक्षर होतं, कारकुनी वळणाचं, भरभर लिहायचं. व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिउस यांच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी ते खिळ्यांत कोरलं आणि १५०१मध्ये अख्खी पुस्तकं त्यात छापली गेली. शब्दावर जोर देण्यासाठी त्याचा वापर नंतर सुरू झाला.

आता आपल्याकडे बघा. बाळबोध पोथीसाठी, मोडी दफ्तरासाठी. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतो आणि मग हात न उचलता खाली अक्षरं जोडत जातो. कल, वेग, गोलाई, सगळं तिच्यात आहे. मराठीचं इटालिक मोडीत आहे. बाळबोध वाकवण्यापेक्षा मोडीकडून शिकलं पाहिजे.

जुळारी

मोडीप्रेमी, मोडीवर माझाही जीव आहे, पण प्रेक्षकांतल्या पोरांना ती वाचता येणार नाही. आणि धावरेघ यांना इटालिक नकोच आहे. ६८ हा इटालिक नसून तिरका केलेला सरळ टंक आहे. त्यातला छोटा 'ए' दोन मजलीच राहतो, हस्ताक्षरासारखा एक मजली होत नाही.

मोडीप्रेमी

बरोबर, दोन्हींत फरक आहे. तरी एवढं घ्या: मोडीत 'झ', 'ळ' यांसारखी अक्षरं एका दमात वळतात, कोपरे कमी पडतात. अरुंद जागेत कोपरे कमी असलेले बरे.

वेबकाम

जे फॉन्ट आज मोफत मिळतात त्यांच्याबद्दल थोडं. अरुंद ठळक देवनागरी आता दुर्मिळ नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचे 'खंड' आणि 'टेको' हे फॉन्ट आहेत. 'एक टाइप' या मुंबईच्या चमूचा 'अनेक' नावाचा फॉन्ट आहे, त्यात जाडी आणि रुंदी दोन्ही हवी तशी सरकवता येते. नोटो सान्स देवनागरीतही अरुंद वळणं आहेत. यांच्यापैकी एकातही तिरकं वळण नाही. वेबपानावर तुम्ही तिरकं मागितलंत की ब्राउझर सरळ अक्षर यंत्राने कलवून दाखवतो, म्हणजे बोरू यांनी सांगितलेली सगळी बिघाडी फुकटात. 'फॉन्ट सिंथेसिस' बंद केलं की ते थांबतं.

धावरेघ, हे सगळे ओएफएल या खुल्या फॉन्ट परवान्याखाली आहेत. अनेकचं सगळ्यात अरुंद ठळक वळण घ्या, अक्षरांचे आकार मोकळे करा, म्हणजे त्यांच्या कडा बदलता येतील, आणि त्यावर हाताने काम करा. ७० टक्के दाबण्यापेक्षा कितीतरी चांगली सुरुवात मिळेल.

अक्षरवेडी

आणि भाषा मराठी निवडायला विसरू नका. चांगल्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी रूपं आत असतात, पण भाषा हिंदीवर राहिली तर हिंदी वळणाचा 'ल' येतो. मोठ्या अक्षरात ते पटकन डोळ्यात भरतं.

नाट्यरसिक

देवनागरीत ठळक, दाट, तिरकं असतं का याचं उत्तर आपल्या वर्तमानपत्रांच्या नाटकांच्या पानात वर्षानुवर्षं छापून येत होतं. कमल शेडगे यांनी हाताने काढलेली नाटकांची नावं आठवा. एका कॉलमच्या रुंदीत बसायची, शेजारच्या दहा जाहिरातींतून डोळा खेचायची आणि नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरलेला असायचा. ती फॉन्टमधून आलेली नव्हती. एकेक नाव नव्याने रेखाटलेलं होतं. तुमच्या जर्सीलाही एकच नाव हवं आहे. पूर्ण फॉन्ट कशाला शोधताय? नाव काढा.

धावरेघ

मंडळी, तीन रात्री बसलो. काय केलं ते लिहितो.

वेबकाम यांच्या सांगण्यावरून अनेकच्या अरुंद ठळक वळणापासून सुरुवात केली. शिरोरेषा कान्याच्या साधारण दोन तृतीयांश केली. कल १२ वरून ९ वर आणला, पेंटरचा पोरगा यांच्या वडिलांच्या पट्टीइतका. टोकं त्याच कलात कापली. 'ळ'ची दोन्ही पोटं बोरू यांच्या पद्धतीने खरवडली. याला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि फरकही इथेच सगळ्यात जास्त पडला. आधी तो 'ळ' मागे रेलल्यासारखा वाटत होता, आता चालतोय.

'झुं'वर अजून झगडतोय. वर अनुस्वार, खाली उकार, मध्ये 'झ'ची गुंतागुंत. अनुस्वार गोल ठेवला तर तो कललेला दिसत नाही, लंबगोल केला तर डाग वाटतो. सध्या कललेला चौकोनी ठिपका केलाय.

शिरोरेषा तोडून आणि न तोडता, दोन्ही नमुने कापडावर छापून घेतले. कबड्डीच्या पोरांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं करून विचारलं. नऊ जणांपैकी सात जणांनी तोडलेली निवडली.

पेंटरचा पोरगा

तोडलेली निवडली हे वाचून घरी वडिलांना सांगितलं. त्यांनी चष्मा मागितला, नमुना दाखव म्हणाले. फोटो टाका.

सांजवात

मीही बघायला उत्सुक आहे. माझं मत सरळच्या बाजूचं, पण कापडावर बघून मगच बोलेन.

धावरेघ

फोटो टाकला आहे, खाली जोडलाय.

बोरू

'ळ' सुंदर उतरलाय. 'झ'च्या डाव्या गोलाईत खालचा डावा भाग अजून जड आहे, केसभर कमी करा. चौकोनी अनुस्वार मला पटला. कापलेल्या टोकांशी त्याचं नातं जमतंय.

सांजवात

पाहिलं. पाटी सुटल्यासारखी नाही वाटत. पुस्तकात मला हे नको, पण या कापडावर शोभतंय.

जुळारी

जर्सीवर छपाई आहे का भरतकाम? टोप्यांवर हेच नाव भरणार असाल तर जपा. दोऱ्याने पोटं भरून येतात, जशी आमच्याकडे जास्त शाई घेतली की काळ्या टाइपात यायची. 'ळ'च्या आतल्या फटी मोजून घ्या.

धावरेघ

जर्सी सब्लिमेशनवर, म्हणजे उष्णतेने कापडात रंग उतरवायच्या छपाईवर, आहे, तिथे अडचण नाही. टोपीचं लक्षात नव्हतं आलं, आभार. टोपीसाठी वेगळी प्रत करतो, पोटं जास्त मोकळी आणि शिरोरेषा आणखी बारीक.

पेंटरचा पोरगा

वडिलांनी फोटो मोठा करून बघितला. उकार 'झ'च्या पायाला लागतोय म्हणाले. अर्धं बोट खाली घ्या.

धावरेघ

घेतला. काकांना नमस्कार सांगा. शनिवारी छपाईला जातंय.